मानेतली गाठ आणि रक्तातून ‘हरवलेल्या’ पेशी

वाचकाचे पत्र: माझ्या वडिलांचे वय ५६ आहे. घसा दुखून ताप आला आणि तिसऱ्या दिवशी जबड्याच्या कोनाखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली. त्याच दिवशी केलेल्या रक्ततपासणीत लिम्फोसाइट पेशींची संख्या दर मायक्रोलिटरला ८५० आली आणि अहवालात तिच्यापुढे खाली जाणारा बाण होता. ताप उतरून चार दिवस झाले, तरी गाठ आहे. घरातली मोठी माणसे ती तेल लावून चोळायला सांगतात. वडिलांच्या मनाने घेतले आहे की आपली प्रतिकारशक्तीच संपली. मी जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लसिका ग्रंथींमध्ये रक्तातून पेशी येतात एवढे एक वाक्य आमच्या पुस्तकात आहे. त्या आत कशा येतात, कोणाला आत घ्यायचे हे कोण ठरवते आणि वडिलांना मी काय सांगू?

उत्तर:

मानेतली गाठ आणि अहवालातला बाण या दोन वेगळ्या काळज्या म्हणून तुम्ही लिहिल्या आहेत, पण बहुतेक वेळा त्या एकाच घटनेच्या दोन बाजू असतात. रक्तातून कमी झालेल्या पेशींपैकी बऱ्याच पेशी नष्ट झालेल्या नसतात, त्या रक्त सोडून ग्रंथींमध्ये गेलेल्या असतात. ज्या गाठीला बोट लावून तुमचे वडील चिंता करत बसले आहेत, ती गाठ त्या पेशींनीच भरलेली असण्याची शक्यता मोठी आहे. मी त्यांना तपासलेले नाही, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांचे मत माझ्या लिहिण्याच्या वरचे समजावे. परंतु तुमचा प्रश्न ‘आत कोणाला घ्यायचे हे कोण ठरवते’ असा आहे, आणि त्याचे उत्तर नीट कळले तर वडिलांची समजूत घालणे तुम्हाला पुष्कळ सोपे जाईल.

आधी एक आकडा लक्षात ठेवा. लिम्फोसाइट हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार आहे, आणि शरीरातल्या एकूण लिम्फोसाइट पेशींपैकी साधारण दोन टक्केच कोणत्याही क्षणी रक्तात असतात. बाकीच्या लसिका ग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर अशा ठिकाणी असतात. रक्त हा त्यांचा प्रवासाचा रस्ता आहे, मुक्कामाची जागा नव्हे. रस्त्यावर किती माणसे दिसतात यावरून गावाची लोकसंख्या काढू नये, तसेच रक्तातल्या संख्येवरून प्रतिकारशक्ती मोजू नये.

हा प्रवास असतो तरी कशासाठी? टी-पेशी हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार, आणि प्रत्येक टी-पेशीला एकच विशिष्ट खूण ओळखता येते. एखाद्या नव्या जंतूची विशिष्ट खूण ओळखणारी टी-पेशी लाखात किंवा दहा लाखांत एखादीच असते. घशातल्या जंतूचे तुकडे घेऊन डेन्ड्रायटिक पेशी लसिकावाहिन्यांतून मानेच्या ग्रंथीत येतात. पण ज्या एका टी-पेशीला तो तुकडा ओळखता येईल, ती त्या वेळी पायाच्या बोटातही असू शकते. शरीरात सुमारे सहाशे लसिका ग्रंथी आहेत, आणि या पेशी एका ग्रंथीत अर्धा दिवस ते एक दिवस थांबून, तिथल्या डेन्ड्रायटिक पेशी चाचपून, काही न सापडल्यास बाहेर पडून रक्तावाटे पुढच्या ग्रंथीकडे जातात. हा फेरा जन्मभर चालतो. तो चालण्यासाठी रक्तातून ग्रंथीत उतरण्याची पक्की व्यवस्था हवी, आणि ती व्यवस्था म्हणजे ग्रंथीच्या आतल्या काही खास रक्तवाहिन्या.

या रक्तवाहिन्या मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा माझी चांगलीच चूक झाली होती. विकृतिशास्त्राच्या उमेदवारीत लसिका ग्रंथीचा एक काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होतो. रक्तवाहिनीचे आतले अस्तर म्हणजे चपट्या, दोऱ्यासारख्या बारीक पेशींची एक रेघ, हे डोळ्यांत बसलेले होते. इथे मात्र वाहिनीभोवती गुबगुबीत, उभट पेशींचे कडे होते. त्यांची केंद्रके मोठी, फिकट आणि लांबट गोल, आणि त्या पेशींच्या फटींत गडद जांभळे गोल ठिपके अडकलेले. काही ठिपके वाहिनीच्या पोकळीत कडेला टेकलेले होते, काही भिंतीत दबून चपटे झालेले, काही भिंतीच्या बाहेरच्या बाजूला पोचलेले. ही वाहिनी सुजली आहे असे मी लिहून टाकले. शिक्षकांनी काप पुन्हा माझ्यापुढे ठेवला आणि सांगितले की ही वाहिनी अगदी निरोगी आहे, आणि ते जांभळे ठिपके म्हणजे रक्तातून आत शिरताना गोठवल्या गेलेल्या लिम्फोसाइट पेशी आहेत. त्या दिवसापासून ग्रंथीचा कोणताही काप आला की मी आधी ही दारे शोधतो.

शास्त्रीय भाषेत यांना हाय एन्डोथेलियल व्हेन्यूल, थोडक्यात एचईव्ही, म्हणतात. म्हणजे उंच अस्तराच्या बारीक शिरा. धमनीतून आलेले रक्त ग्रंथीत केशवाहिन्यांमध्ये पसरते आणि तिथून या शिरांमध्ये येते. १८९८ मध्ये टोमे या संशोधकाने माकडाच्या लसिका ग्रंथींमध्ये त्यांचे वर्णन केले होते, पण त्या कशासाठी आहेत हे पुढे साठ-पासष्ट वर्षे नीट समजले नव्हते. लिम्फोसाइट पेशी अल्पजीवी असतात, रोज तयार होतात आणि रोज कुठेतरी नाहीशा होतात, असाच समज होता. ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी उंदरांच्या छातीतल्या मुख्य लसिकावाहिनीतून या पेशी बाहेर काढून घेतल्या, तेव्हा काही दिवसांत त्यांचा ओघ आटत गेला; त्याच पेशी रक्तात परत सोडल्या की ओघ टिकून राहिला. याचा अर्थ त्याच पेशी फिरून फिरून येत होत्या. १९६४ मध्ये गोवन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी खूण लावलेल्या पेशी रक्तात सोडून त्यांचा माग काढला, आणि त्या याच उंच अस्तराच्या शिरांतून ग्रंथीत उतरतात हे दिसून आले.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. रक्तात तांबड्या पेशी असतात, न्यूट्रोफिल आणि मोनोसाइट या इतर प्रकारच्या पांढऱ्या पेशीही असतात. मग या भिंतीतून प्रामुख्याने लिम्फोसाइटच का उतरतात? दारावर एकच कुलूप असते तर हे जमले नसते. इथे एकामागून एक लागणाऱ्या तीन किल्ल्या आहेत, आणि तिन्ही ज्याच्याजवळ असतील तोच आत जातो.

पहिली पायरी वेग कमी करण्याची आहे. लिम्फोसाइटच्या पृष्ठभागावर एल-सिलेक्टिन नावाचे प्रथिन असते. शिरेच्या गुबगुबीत पेशींच्या पृष्ठभागावर गंधकयुक्त शर्करांच्या खास साखळ्या असतात, आणि एल-सिलेक्टिन त्यांना क्षणभर धरते, सोडते, पुन्हा धरते. त्यामुळे रक्ताच्या ओघात धावणारी पेशी भिंतीवरून हळूहळू लोळत जाऊ लागते. यातली एक गोष्ट मला आजही थक्क करते: ही पकड टिकण्यासाठी रक्त वाहत असावे लागते. ओघ फार मंद झाला तर धरण्याऐवजी पेशी सुटतात. याचा उपयोग उघड आहे, कारण रक्त साकळलेल्या ठिकाणी या पेशी उगीचच चिकटून बसत नाहीत. हे प्रथिन सापडण्याच्या वाटेवरचा १९७६ चा स्टॅम्पर आणि वुड्रफ यांचा प्रयोग तुम्ही वर्गात जरूर सांगा. त्यांनी ग्रंथीचे गोठवलेले पातळ काप काचपट्टीवर घेतले, त्यांवर जिवंत लिम्फोसाइट सोडून ते थंडीत हलके फिरवत ठेवले आणि नंतर धुऊन टाकले. बाकी सगळीकडून पेशी निघून गेल्या. उंच अस्तराच्या शिरांवर मात्र त्या चिकटून राहिल्या. मेलेल्या, कापलेल्या भिंतीवरही पत्ता शाबूत होता आणि पेशींना तो वाचता आला. पुढे १९८३ मध्ये गॅलेटिन, वाइसमन आणि बुचर यांनी ज्या प्रतिपिंडाने ही पकड रोखता येते असे प्रतिपिंड तयार केले, आणि एल-सिलेक्टिन हाती लागले.

दुसरी पायरी ओळख पटवण्याची. शिरेच्या आतल्या पृष्ठभागावर सीसीएल-२१ आणि सीसीएल-१९ ही केमोकाइन, म्हणजे पेशींना दिशा दाखवणारी छोटी प्रथिने, मांडून ठेवलेली असतात. माणसात ती मुख्यतः आजूबाजूच्या ऊतीत तयार होतात आणि शिरेच्या पेशी ती उचलून रक्ताच्या बाजूला आणून ठेवतात. म्हणजे ग्रंथीच्या आत काय चालले आहे त्याची खबर दाराच्या बाहेरच्या बाजूला लावलेली असते. ती वाचण्यासाठी पेशीजवळ सीसीआर-७ हा ग्राहक असावा लागतो. तो असला की लोळणाऱ्या पेशीला एका क्षणात संदेश मिळतो, आणि मग तिसरी पायरी सुरू होते: पेशीवरचे एलएफए-१ नावाचे इंटिग्रिन, म्हणजे घट्ट धरून ठेवणारे प्रथिन, जे तोवर मुडपलेल्या अवस्थेत असते, ताठ उलगडते आणि शिरेवरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला घट्ट धरते. पेशी जागच्या जागी थांबते. त्यानंतर ती भिंतीवर थोडी सरपटते, फट शोधते आणि काही मिनिटांत पलीकडे उतरते.

न्यूट्रोफिलचे उदाहरण घेतले की या तीन किल्ल्यांचे मोल कळते. न्यूट्रोफिलजवळही एल-सिलेक्टिन असते, त्यामुळे ते या शिरांच्या भिंतीवर लोळते. परंतु तिथे मांडलेली केमोकाइन त्याच्यासाठी नसतात, त्यामुळे ते थांबत नाही आणि लोळत लोळत पुढे निघून जाते. आपले काम शिकून लढायला निघालेल्या टी-पेशींचेही तसेच: त्यांतल्या पुष्कळ पेशी एल-सिलेक्टिन आणि सीसीआर-७ टाकून देतात, म्हणून त्या ग्रंथीत परत न शिरता जिथे जंतू आहे त्या घशाकडे, फुप्फुसाकडे किंवा कातडीकडे जातात. आतड्याशी संबंधित ग्रंथींच्या शिरांवर आणखी वेगळा पत्ता असतो, पण तो विषय मोठा असल्याने इथे सोडून देतो.

तुमच्या वडिलांच्या मनातला समज असा आहे की रक्तात पेशी जास्त म्हणजे शक्ती जास्त. हा समज किती फसवा असू शकतो हे एका दुर्मीळ जन्मजात आजारात दिसते. त्या बालकांमध्ये इंटिग्रिनचा एक भाग जन्मतःच सदोष असतो, त्यामुळे पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरता येत नाही. नाळेचा तुकडा, जो एरवी एक-दोन आठवड्यांत गळून पडतो, तो या बाळांमध्ये कितीतरी जास्त दिवस तसाच राहतो. जखम होते, जंतू वाढतात, पण तिथे पू होत नाही, कारण पू करणाऱ्या पेशी तिथे पोचतच नाहीत. त्याच वेळी रक्त तपासले तर पांढऱ्या पेशींची संख्या भरमसाट वाढलेली दिसते. अहवालातला बाण वर गेलेला आणि बाळ संसर्गाने गंभीर आजारी, असे ते चित्र असते. पेशी रक्तात अडकून राहिल्या, हाच तिथला आजार.

आता गाठ का मोठी झाली ते पाहू. एरवी ग्रंथीत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पेशींचा हिशेब जुळलेला असतो, म्हणून तिचा आकार स्थिर राहतो. घशात संसर्ग झाला की दोन्ही बाजूंनी हा हिशेब बदलतो. ग्रंथीला रक्त पुरवणारी धमनिका रुंदावते, रक्त जास्त येते आणि त्याबरोबर दाराशी येणाऱ्या पेशीही वाढतात. पुढच्या दिवसांत उंच अस्तराच्या शिरांचे जाळेही वाढते. दुसऱ्या बाजूला बाहेर जाण्याची वाट काही काळ बंद होते. ग्रंथीतून बाहेर पडण्यासाठी पेशी एस१पी या स्निग्ध रेणूच्या मागावर जातात, कारण तो रक्तात आणि लसिकेत जास्त आणि ग्रंथीच्या ऊतीत कमी असतो. विषाणूच्या संसर्गात तयार होणाऱ्या इंटरफेरॉनमुळे पेशींवर सीडी-६९ नावाचे प्रथिन येते आणि ते एस१पीचा ग्राहक पृष्ठभागावरून आत ओढून घेते. पेशीला बाहेरची वाट दिसेनाशी होते. आवक वाढली आणि जावक थांबली, म्हणून ग्रंथी फुगते, तिचे वेष्टन ताणते आणि दुखते. त्यानंतर ओळख पटलेल्या पेशी विभागून वाढू लागतात, ही त्यात पडणारी पुढची भर. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते असे आपण म्हणतो, त्यामागेही हेच घडत असते.

बाहेरची वाट बंद केली की रक्तातली संख्या किती घसरते, हे एका औषधाने फार स्पष्ट दाखवून दिले आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारासाठी अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळालेले फिंगोलिमोड हे औषध नेमका हा एस१पीचा ग्राहक निकामी करते. ते घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तातले लिम्फोसाइट साधारण सत्तर टक्क्यांनी कमी होतात. त्या पेशी मुख्यतः ग्रंथींमध्ये अडकलेल्या असतात, आणि औषध थांबवल्यावर काही आठवड्यांत संख्या पूर्वपदावर येऊ लागते. विषाणूच्या तापात काही पेशी मरतातही, आणि आजारपणात वाढणाऱ्या कॉर्टिसोल या संप्रेरकामुळे काही पेशी अस्थिमज्जेकडे वळतात, त्यामुळे सगळी घट ग्रंथींच्या खाती मांडणे बरोबर होणार नाही. तरीही तिसऱ्या दिवशीच्या ८५० या आकड्यावरून ‘शक्ती संपली’ असा निष्कर्ष काढायला कोणताही आधार नाही.

तुम्ही विद्यार्थिनी आहात म्हणून आणखी दोन गोष्टी सांगण्याचा मोह होतो. पहिली अशी की ही दारे कायमची बांधलेली नसतात. प्राण्यांमध्ये ग्रंथीकडे येणाऱ्या लसिकावाहिन्या तोडल्या, तर काही दिवसांत या शिरांचे उंच अस्तर चपटे होत जाते, त्यांच्यावरचा शर्करांचा पत्ता पुसट होतो आणि पेशींची आवक घटते. लसिकेतून येणाऱ्या डेन्ड्रायटिक पेशी त्यांना सतत संदेश देत असतात, म्हणून त्या तशा राहतात. बाहेरच्या जगाची बातमी घेऊन येणाऱ्यांनीच दार राखलेले असते. दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते: एवढ्या पेशी रात्रंदिवस भिंतीतून आरपार जात असूनही तिथून रक्त का गळत नाही? शिरेभोवतीच्या पेशींवर पोडोप्लॅनिन नावाचे प्रथिन असते. शिरेबाहेर निसटलेल्या प्लेटलेट त्याला स्पर्श होताच एस१पी सोडतात आणि त्याने शिरेच्या पेशींचे सांधे घट्ट होतात. ज्या उंदरांमध्ये ही व्यवस्था नाहीशी केली, त्यांच्या ग्रंथींमध्ये रक्तस्राव झाला. आपण प्लेटलेटना जखम बुजवणाऱ्या म्हणून ओळखतो. ग्रंथीत त्या रोजच्या रोज दाराची डागडुजी करतात.

वडिलांसाठी मात्र माझे सांगणे साधे आहे. गाठ चोळू नये आणि सारखी दाबूनही पाहू नये. चोळल्याने पेशी लवकर बाहेर पडत नाहीत, कारण वाट मोकळी होणे रेणूंवर अवलंबून असते, हाताच्या दाबावर नव्हे. उलट ताणलेले वेष्टन आणखी दुखते, आणि आत पू झाला असेल तर चोळणे धोक्याचे ठरू शकते. ताप उतरला तरी ग्रंथी लगेच बसत नाही. दुखरेपणा आधी जातो, आकार मागाहून कमी होतो, आणि त्याला दोन ते चार आठवडे लागणे नेहमीचे आहे. रक्ततपासणी पुन्हा करायची तर पूर्ण बरे वाटू लागल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, दोन-तीन आठवड्यांनी करावी आणि शक्यतो पहिल्या वेळेसारखीच दिवसाच्या त्याच वेळी करावी. कॉर्टिसोलच्या रोजच्या चढउतारामुळे रक्तातले लिम्फोसाइट रात्री जास्त आणि दिवसा कमी असतात, आणि सकाळच्या आकड्याची रात्रीच्या आकड्याशी तुलना करून घाबरलेली माणसे मी पाहिली आहेत. त्या वेळीही संख्या कमीच राहिली, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे.

एका बाबतीत मी कडक शब्दांत सांगतो. गाठ ‘बसवण्यासाठी’ म्हणून कोणी स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवल्या, तर निदान झाल्याशिवाय त्या घेऊ नयेत. स्टेरॉइडने गाठ लहान होते हे खरे आहे, पण ती लिम्फोमाची, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कर्करोगाचीही लहान होते. मग सुईने किंवा शस्त्रक्रियेने काढलेल्या तुकड्यात निदान करणे आम्हा विकृतिशास्त्रज्ञांना अवघड होऊन बसते आणि उपचाराचे मोलाचे आठवडे वाया जातात. तसेच ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि गोळ्यांवर पैसे घालवू नयेत. वर वर्णन केलेल्या तीन पायऱ्यांपैकी एकही त्यांनी सुधारते असे दाखवलेले नाही.

डॉक्टरांना तातडीने किंवा पुन्हा कधी दाखवायचे, तेही लिहून ठेवतो. चार आठवड्यांनंतरही गाठ कमी झाली नाही किंवा वाढत गेली, ती दगडासारखी कठीण आणि खालच्या भागाला चिकटलेली वाटली, न दुखता मोठी होत राहिली, किंवा हाडाच्या वर, म्हणजे गळपट्टीच्या हाडामागच्या खोलगट जागेत नवी गाठ आली, तर थांबू नये. कारण नसताना वजन घटणे, रात्री कपडे भिजतील एवढा घाम येणे, ताप पुन्हा पुन्हा येणे हीदेखील तशीच चिन्हे आहेत. गाठीवरची कातडी लाल, गरम आणि मऊ झाली तर आत पू झालेला असू शकतो, आणि तोंड उघडायला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. ५६ व्या वर्षी मानेतली टिकून राहिलेली गाठ आम्ही तरुण माणसाच्या गाठीपेक्षा जास्त गांभीर्याने घेतो, विशेषतः तंबाखूची सवय असेल तर, आणि ती सवय आहे की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, गाठीची लांबी मोजपट्टीने मोजून तारखेसह वहीत लिहा आणि मधल्या दिवसांत वडिलांना तिला हात लावू देऊ नका. चार नोंदी झाल्या की ती वही आणि रक्ताचे दोन्ही अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा.